लाखबंद बाटलीतलं सोनं

१

दसऱ्याची सुट्टी संपून भालकीच्या पेठेतली शाळा उघडली, त्या सकाळी शाळेत सगळं जागच्या जागी होतं. नव्हती ती फक्त सोन्याची पानं.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. कपाटातली काचेची बाटली शाबूत होती. बाटलीच्या बुचाभोवतीची लाख आणि लाखेवरचा हैदराबादच्या कारागिराचा ठसासुद्धा शाबूत होता. बुचातून आत उतरलेली पितळी सळई तेवढी नुसतीच लोंबत होती. तिच्या टोकाला चिकटवलेली सोन्याची दोन इवली पानं बंद बाटलीतून गेली होती, आणि ती कशी गेली हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हेडमास्तर गुंडेराव यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि गाजावाजा नको म्हणून पोलिसांऐवजी जगदेवप्पांना बोलावणं धाडलं. जगदेवप्पा निजामी पोलिसातले निवृत्त अमीन, म्हणजे फौजदार. तपासात त्यांना यश यायचं ते काही फार हुशारीमुळे नव्हे. माणूस मत्सरी होता. हाताखालचा नायब पुढे आपलाच साहेब झाला, त्या दिवसापासून जगदेवप्पांच्या पोटात एक निखारा कायमचा होता. दुसऱ्याच्या पोटातला निखारा त्यांना लांबूनही कळायचा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसाच हा प्रकार होता.

"या यंत्रास विद्युद्दर्शक म्हणतात," गुंडेराव सांगू लागले. हैदराबादेत शिकलेला माणूस, उर्दू अस्खलित आणि मराठी पुस्तकी. "काचेची कांडी रेशमावर घासून या वरच्या घुंडीजवळ आणली की आतली दोन्ही पाने एकमेकांपासून दूर होतात. वीज डोळ्यांना दिसत नाही, परंतु पाने उघडलेली दिसतात."

"आन् पानं खऱ्या सोन्याची?"

"सोन्याचीच. परंतु फुंकरीने उडतील इतकी पातळ. विरुपाक्ष मास्तर म्हणतात, विकायला गेलात तर सोनार हसेल."

"मग चोरली कामून?"

गुंडेरावांनी आवाज खाली आणला. शाळेचे अध्यक्ष रेवणसिद्धप्पा, सगळ्यांचे अण्णा, यांनी हे यंत्र शाळेला दान दिलं होतं आणि साऱ्या पेठेत सांगितलं होतं की, आमच्या शाळेत सोन्याचं यंत्र आलंय. पेठेनं आपल्या परीनं त्या सोन्याचे तोळे करून टाकले होते. या आठवड्यात तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे मोहतमीमसाहेब शाळा तपासायला येणार होते. त्याच्या आत चोर सापडला नाही तर विज्ञानाच्या तरुण मास्तराला, विरुपाक्षाला, काढून टाकायचं असा अध्यक्षांचा हुकूम होता.

"त्यालाच का?"

"कारण अण्णांचे म्हणणे असे आहे," गुंडेराव कष्टी होऊन म्हणाले, "की लाख न मोडता बाटली उघडली गेली असेल, तर ती लाख वितळवून पुन्हा जशीच्या तशी बसवण्याचे ज्ञान या गावात एकाच माणसास आहे."

कपाटाच्या दाराला सुतळी बांधून तिच्यावर रेवणसिद्धप्पांनी स्वतःच्या आडतीचं लाखेचं सील लावून ठेवलं होतं. आत हात घालायची कुणालाच परवानगी नव्हती.

बाहेर ओसरी झाडणाऱ्या राजूबाईला जगदेवप्पांनी हटकलं. सुट्टीत शाळेची देखरेख तिच्याकडेच होती.

"सुट्टीत कोण कोण आलं व्हतं गं हितं?"

"कोण येतंय साहेब सुट्टीत? चिटपाखरू न्हाई."

"नीट आठव."

"देवाशपथ, कुणीबी आलं न्हाई," राजूबाई म्हणाली आणि केरसुणी आपटून कामाला लागली.

२

रेवणसिद्धप्पांची तुरीची आडत पेठेच्या तोंडाशीच होती. ते आणि जगदेवप्पा लहानपणी एका पंतोजीच्या हाताखाली शिकले. रेवण्णाची पाटी लाकडी चौकटीची होती आणि जगदेवची फुटकी. रेवण्णाच्या डब्यात तुपातली करदंट वडी आणि जगदेवच्या डब्यात कोरडी भाकर. रेवण्णा अर्धी करदंट द्यायचा हे खरं, पण देताना चार पोरांना दाखवून द्यायचा. ते जगदेवप्पा अजून विसरले नव्हते.

"ये जगदेव, बस," गादीवरून रेवणसिद्धप्पा म्हणाले. खांद्यावर रेशमी शेला, बोटात अंगठ्या. "तुला बोलावलं ते बरं झालं. घरचाच माणूस तू. लवकर उरक अन् त्या पोराला आळंदच्या गाडीत बसव."

"चोर त्योच म्हणतोस?"

"मग कोण? लगीन ठरलंय त्याचं. दसऱ्याला गेला गावाकडं, आळंदला, आन् सोनं बी गेलं. आणखी काय पाहिजे तुला?"

"सुट्टीच्या आधी पानं व्हती?"

"व्हती की. साऱ्या गावानं बघितली. साऱ्या गावाला बोलावून दाखवला न्हवं त्यानं खेळ!" रेवणसिद्धप्पांचा आवाज चढला. "यंत्र दिलं म्या. हैदराबादेतून आणलं म्या. आन् पोरं काय म्हणत्यात? इरुपाक्ष मास्तराचं यंत्र! आमची सावित्रम्मा, माझी बायको, मला सांगायलीय, मास्तराच्या हाताला गुण हाय म्हणून. हाताला कसला आलाय गुण? यंत्र बसवायला कारागीर आला, तवाच त्यानं सांगितलं व्हतं समद्यांदेखत, जरा मस करना म्हणून. तसं केलं की उघडत्यात पानं. कुणीबी उघडील!"

बोलता बोलता ते एकदम थांबले आणि त्यांनी शेला सावरला. जगदेवप्पांना त्यांच्या पोटातला निखारा लख्ख दिसला. पण त्यात नवल ते काय? देणगी देणाऱ्याला नाव हवंच असतं. आणि दुसरं म्हणजे, रेवण्णाच्या बाबतीत जगदेवप्पांचा स्वतःच्या नाकावर विश्वास नव्हता. आपल्याला वास येतोय तो त्याच्या पोटातला की आपल्याच, हे त्यांना आयुष्यात कधी नीट उलगडलं नव्हतं.

"माझं यंत्र हाय ते," रेवणसिद्धप्पा पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज बारीक होता.

३

पेठेत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं राघोबा मास्तरांचं नाव घेतलं असतं. राघोबा मास्तर शाळेतले जुने शिक्षक. विरुपाक्ष येईपर्यंत विज्ञान तेच शिकवायचे, म्हणजे पुस्तक वाचून दाखवायचे. मग हा पोरगा आला. त्यानं पोरांना पुस्तकं मिटायला लावली. सायकलच्या पंपाचं वायसर उलटं बसवून हवा ओढणारा पंप केला, सुईला चुंबक घासून ती पाण्यावर तरंगवली, आणि सगळं पोरांच्या हातानं करून घेतलं. पोरं जेवायच्या सुट्टीतही वर्गाबाहेर येईनात. वर्षअखेर विज्ञानाचा विषय राघोबांकडून काढून त्याला देण्यात आला.

जगदेवप्पा गेले तेव्हा जेवायच्या सुट्टीत घरी आलेले राघोबा मास्तर अंगणात खाटेवर बसले होते.

"मला ठाऊक हाय तुम्ही कामून आलात," ते म्हणाले. "सगळ्यांला वाटतंय मीच केलं. खरं सांगू अमीनसाहेब? कानावर आलं तवा बरं वाटलं मला. गोड वाटलं. बायकोला म्हणलं, आज गूळ घाल च्यात."

"पानं कशानं उघडत्यात ते दावा बरं मला."

"मला काय ठाऊक! मी त्या यंत्राचं तोंडबी जवळून बघितलं न्हाई. ते बसवलं त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी बसलो."

"खरंच दुखत व्हतं?"

"व्हय तर. पण हकिमाच्या पुडीनं थांबायचं न्हवतं ते." राघोबा मास्तर खिन्न हसले. "एवढी वर्षं मी पोरांला सांगितलं, ईज अशी असती, ईज तशी असती. मी स्वतः कधी बघितली न्हाई. त्यो काल आलेला पोरगा, त्याला रोज दिसती."

जगदेवप्पांना हा माणूस आपला सख्खा भाऊ वाटला. याच्यावर त्यांचा संशय बसायला हवा होता, पण बसेना. जो माणूस आपला मत्सर असा तबकात घालून पुढं ठेवतो, त्यानं आणखी काही लपवून ठेवलेलं नसतं, हा त्यांचा अनुभव होता.

मग राहिला तो पोरगाच. जड पावलांनी ते शाळेकडे वळले.

४

विरुपाक्ष रिकाम्या वर्गात बसला होता. आळंदहून परत आल्या आल्या त्याला कपाटाजवळ जायची बंदी झाली होती.

"यंत्र बघितलं तरी हाय का मी?" तो म्हणाला. "लांबून बघा म्हणाले. लांबून काय दिसणार अमीनसाहेब? पोरं वर्गात येऊन गप बसायलेत. सकाळीच एकानं इचारलं, सर, तुम्ही खरंच चोरलं का? नोकरी गेली तर जाऊ द्या. पण ह्यो प्रश्न घिऊन मी कुठल्या शाळेत जाऊ?"

जगदेवप्पा त्याच्याकडे बघत राहिले. इतकं कोवळं वय आणि गावातली सगळी पोरं याच्या मागे. त्यांना याचाही हेवा वाटला. वाटला तो वाटला, पण त्यासाठी कुणाची भाकर काढून घ्यावी असं काही वाटलं नाही.

"चल," ते म्हणाले. "जवळनं बघू."

"सील हाय अण्णांचं."

"मोडतो. रेवण्णाला काय सांगायचं ते माझं मी बघतो."

सील मोडलं. बाटली खिडकीपाशी उजेडात आणली. जगदेवप्पांनी चष्मा चढवून आधी लाख न्याहाळली. ती जुनी होती, बारीक चिरा पडलेली, चिरांत धूळ बसलेली. आठवड्याभरात वितळवून बसवलेली लाख अशी नसते. म्हणजे ही बाटली बसवल्यापासून उघडलीच गेली नव्हती.

"बाटली उघडली न्हाई," ते सावकाश म्हणाले. "मग सोनं भाईर गेलं कसं?"

बाटलीच्या तळाशी हवा कोरडी राहावी म्हणून पांढऱ्या क्षाराचे खडे घातलेले होते. विरुपाक्ष खड्यांकडे वाकून बघत होता. खड्यांच्या मध्ये काहीतरी चमकत होतं, आणि काचेला आतून चिकटलेली पिवळी चिमूट होती.

"गेलंच न्हाई," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले. "हितंच हाय साहेब. चिंध्या झाल्या पानांच्या."

५

चोरी झालीच नव्हती. पण विरुपाक्षाचा चेहरा काही उजळला नाही.

"आता म्हणतील, चोरली न्हाई तर फाडली. फाडली तरी मीच. यंत्राला हात लावणारा दुसरा कोण हाय?"

"पानं फाटत्यात कशी, ते सांग."

"नको तेवढी ईज एकदम दिली की. पानं इतक्या जोरानं उघडत्यात की काचंवर आपटून फाटत्यात. मी कांडी दोनदा घासतो अन् लांबनंच दावतो. टेकवीतबी न्हाई."

"कारागिरानं काय सांगितलं व्हतं?"

"ज़रा मस करना, म्हणले. त्ये हलकंच केलं तर पान फाटत न्हाई. पण दसऱ्याच्या वक्ताला आपली हवा इतकी कोरडी, लांबनंच भागतंय. धोका कशाला?"

"तवा तिथं कोण कोण व्हतं?"

"मी, हेडमास्तर आन् अण्णा. राघोबा मास्तर आले न्हवते."

हे फाटण्याचं कुणापाशी बोलू नकोस, अशी सक्त ताकीद देऊन जगदेवप्पा जेवायला घरी गेले. डोकं जड झालं होतं. ताटात आमटी वाढून त्यांची बायको अक्कम्मा पुढ्यात बसली.

"मीठ मस झालंय काय हो?" तिनं विचारलं.

"काय म्हणलीस?"

"मीठ. मस पडलं वाटतं माझ्या हातनं. घास थांबला म्हणून इचारलं."

जगदेवप्पांचा घास खरोखरच हवेत थांबला होता. मस. इकडच्या चुलीपाशी, बांधावर, बाजारात मस म्हणजे पुष्कळ. पाऊस मस झाला, पाव्हणे मस आले. पण ते स्वतः अमीन होते तेव्हा प्रत्येक पंचनाम्यात एक प्रश्न असायचा: लाश को किसी ने मस तो नहीं किया? किताबी उर्दूत मस करणं म्हणजे स्पर्श करणं. हैदराबादचा कारागीर म्हणाला होता, जरासं टेकवा. भालकीच्या कानाला ऐकू आलं, जरा जास्तच करा.

आणि ज्याला तसं ऐकू आलं, त्यानं कांडी घासली असणार हात दुखेपर्यंत.

ऐकणारे तिघं. विरुपाक्षाला अर्थ ठाऊक होता. गुंडेराव तर हैदराबादेत उर्दूवरच वाढलेले. राघोबा मास्तर तिथं नव्हतेच. उरला एक. आडतीवरची दखनी उर्दू त्याला पाण्यासारखी यायची, पण दखनीत लोक हात लावतात, मस करत नाहीत. आणि तोच आज गादीवरून म्हणाला होता, तसं केलं की उघडतात, कुणीबी उघडील.

जगदेवप्पांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटली. रेवण्णाची मान खाली जावी म्हणून ते जन्मभर टपलेले होते. मग आता हे पुरावा बोलतोय की फुटकी पाटी?

जेवण तसंच टाकून ते शाळेत गेले. राजूबाई माठ घासत होती.

"सुट्टीत कुणीच आलं न्हाई म्हणालीस. रेवणसिद्धप्पाबी न्हाई?"

"आता बया!" राजूबाईला हसू आलं. "मालक व्हय? मालक आले व्हते की. पण त्येंची शाळा, त्येंचं कपाट, एक किल्लीबी त्येंच्यापाशी. त्येंला कुणी आलं म्हणत्यात व्हय?"

६

एवढ्यानं भागणार नव्हतं. अध्यक्ष आपल्या शाळेत आला यात गुन्हा नव्हता, आणि एका शब्दावर सावकाराला कोण दोषी धरणार? जगदेवप्पांनी विरुपाक्षाला मुरांब्याची एक काचेची बरणी आणायला लावली. हकिमाकडून औषधात घालायचा सोन्याचा वरख आणवला. विरुपाक्षानं त्या वरखाची दोन पानं कापून तारेला लावली, लाखेनं बूच बसवलं, आणि घरगुती यंत्र तयार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे विज्ञानाच्या खोलीत जमले.

"चोराचं मागनं बघू," जगदेवप्पा म्हणाले. "साहेब येणार हायत, आन् शाळंतल्या थोरांला यंत्र चालवता येईना तर इज्जत कुणाची जाती? समद्यांनी एकेकदा करून बघा."

गुंडेरावांनी कांडी शिष्टासारखी दोनदा घासली आणि घुंडीला हलकेच टेकवली. पानं उघडली. त्यांनी मान डोलावली. विरुपाक्षानं घुंडीला बोट लावून पानं पुन्हा मिटवली.

मग राघोबा मास्तर. ते नको नको म्हणत होते, पण विरुपाक्षानं कांडी त्यांच्या हातात दिली आणि रेशमी फडकं धरलं. म्हाताऱ्यानं एकदाच कांडी ओढली आणि घुंडीजवळ आणली. पानं अगदी किंचित हलली आणि अलग झाली.

"उघडली की हो," राघोबा मास्तर म्हणाले. "बघा, उघडली." विरुपाक्षाकडे न बघता त्यांनी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

"आता तू, रेवण्णा," जगदेवप्पा म्हणाले. "हे घे. कारागिरानं सांगितलं तसं, जरा मस कर."

रेवणसिद्धप्पांनी कांडी घेतली, फडकं घेतलं. एकदा घासली. हात थांबला. घुंडीच्या बाजूला नेलेली कांडी त्यांनी मागे घेतली.

"मला नको."

"कामून?"

"नको म्हणलं न्हवं. म्हातारा हात माझा. फाटंल ते."

"फाटंल?" जगदेवप्पांनी अगदी हळू विचारलं. "पानं फाटत्यात हे तुला कुणी सांगितलं, रेवण्णा? साऱ्या पेठेला ठाऊक हाय की पानं चोरीला गेली. तूच सांगितलंस पेठेला. फाटत्यात हे मला ठाऊक, इरुपाक्षाला ठाऊक, आन् ज्याच्या हातनं फाटली त्याला."

त्यांनी कपाटातली बाटली काढून उजेडात धरली आणि तळाची चमक सगळ्यांना दाखवली. लाखेच्या चिरांतली धूळ दाखवली. मग त्या एका शब्दाची गोष्ट सांगितली. गुंडेरावांनी "अरेरे" म्हणत कपाळाला हात लावला. राजूबाईचं नाव मात्र जगदेवप्पांनी घेतलं नाही. तिची भाकर या शाळेवर होती.

रेवणसिद्धप्पा बाकावर बसले. शेला खांद्यावरून घसरला, तो त्यांनी उचलला नाही.

"एकदा माझ्या हातानं उघडावीत म्हणलं," ते म्हणाले. "लोकांदेखत न्हाई उघडली तर हसं व्हईल, म्हणून एकटा आलो सुट्टीत. ह्या शेल्यावर कांडी घासली, मस घासली. टेकवली अन् टच्च झालं, आन् पानं गेली. मला वाटलं जळून गेली. तोंड दाखवायला जागा राह्यली न्हाई, म्हणून चोरी म्हणलं."

"आन् ह्या पोराचं नाव?"

"त्ये लोकांनी घेतलं पैलं." मग त्यांची मान आणखी खाली गेली. "न्हाई. खरं सांगतो. लोकांनी घेतलं तवा वाईट वाटाय पाहिजे व्हतं. बरं वाटलं, जगदेव. मनात म्हणलं, आता बघू सावित्रम्मा काय म्हणती ह्याच्या हाताला."

फुटक्या पाटीपासून ज्या मानेची वाट बघितली ती आज समोर खाली झुकली होती. जगदेवप्पांना ते गोड लागलं, खोटं कशाला बोला. पण राघोबा मास्तरांच्या गुळाच्या चहासारखंच ते गोड होतं, नंतर तोंड कसंनुसं करणारं. ते खाली वाकले आणि रेवण्णाचा शेला उचलून त्याच्या खांद्यावर टाकला.

"हे समदं माझ्या तोंडून कुणाला कळायचं न्हाई," ते म्हणाले. "पण पेठेत चोरी तू सांगितलीस. आता न्हाई झाली, हेबी तूच सांगायचं. तुझ्या तोंडानं."

रेवणसिद्धप्पा उठून गेले.

७

मोहतमीमसाहेब आले तेव्हा शाळेचं अंगण पेठेनं भरून गेलं होतं. ओसरीवर मेज मांडून वरखाची बरणी ठेवलेली होती. शेजारी ती रिकामी बाटलीही होती. विरुपाक्ष भिंतीशी उभा होता. रेवणसिद्धप्पा काय बोलणार, हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. जगदेवप्पा दाराशी उभे राहिले.

रेवणसिद्धप्पा पुढे आले. साहेबांना सलाम करून ते पेठेकडे वळले.

"सोनं चोरीला गेलं न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्या हातनं फाटलं. कारागीर म्हणला मस करना, मी मस केलं! मास्तराचा काडीचा दोष न्हाई. त्याच्यावर आळ घेतला ती माझी चूक. ही बरणी त्यानं केली, वरखातनं. माझ्या हैदराबादच्या बाटलीपरीस चांगली चालती."

साहेबांना तो शब्दाचा घोटाळा कळला आणि ते खदखदून हसले. मग सारी ओसरी हसली. हसता हसता कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा पाऊस पडला. एवढा मोठा माणूस, आणि भर सभेत चूक कबूल करतो! साहेबांनी उठून रेवणसिद्धप्पांचा हात हातात घेतला. बायकांतून सावित्रम्मा डोळे पुसत होती. विरुपाक्षानं कांडी अण्णांच्या हाती दिली, अण्णांनी ती हलकेच टेकवली, पानं उघडली, आणि पुन्हा टाळ्या.

दाराशी उभ्या असलेल्या जगदेवप्पांच्या पोटात निखारा भडकला. म्हणजे यंत्र मोडलं त्यानं, पोराची अब्रू घालवली त्यानं, आणि टाळ्याही त्यालाच? करदंट पुन्हा चार पोरांना दाखवूनच वाटली गेली होती. हे सगळं उलगडलं कुणी, ते एकालाही ठाऊक नव्हतं. आणि कुणाला कळायचं नाही, असं तोंडानं आपणच सांगून बसलो होतो.

साहेब गेले, गर्दी पांगली. पोरं मेजाभोवती झोंबाझोंबी करू लागली आणि विरुपाक्षाच्या हाकेसरशी रांगेत उभी राहिली. जगदेवप्पा जोडे घालत होते.

"अमीनसाहेब," विरुपाक्ष त्यांच्यासमोर कांडी आणि फडकं घेऊन उभा होता. "तुम्ही एकदाबी केलं न्हाई."

"माझं काय काम?"

"या. जरा मस करा."

"कुठलं मस? हैदराबादचं का आपलं?"

"हैदराबादचं," विरुपाक्ष हसला.

जगदेवप्पांनी जोडे काढले. कांडी फडक्यावर दोनदा ओढली. काच घुंडीला टेकली न टेकली तोच बरणीतली दोन्ही पानं झोपेतून जागी झाल्यासारखी अलग झाली आणि तशीच उघडी राहिली. कुणी बघत आहे की नाही हे बघायचंही त्यांना सुचलं नाही. सुट्टीत रिकाम्या शाळेत एकटा आलेला रेवण्णा त्यांना त्या क्षणी पुरता कळला.

"जगदेव, मला दे एकदा," मागून आवाज आला.

रेवणसिद्धप्पा पोरांच्या रांगेत, हात पुढे करून उभे होते. जगदेवप्पांनी वळून त्यांच्याकडे बघितलं, आणि कांडी काही लगेच सोडली नाही.

"थांब की," ते म्हणाले. "माझं झालं न्हाई अजून."